पानाच्या कडेवरचा पहारा

भाद्रपदात पहाटे आरे कॉलनीतल्या एखाद्या पाड्याजवळच्या भातखाचराच्या बांधावर उभं राहिलं, की पात्यांच्या टोकांना आणि कडांना ओळीने लागलेले पाण्याचे थेंब दिसतात. आपण त्याला दव म्हणतो. पण त्यातलं बरंचसं पाणी आकाशातून आलेलं नसतं, भाताने आतूनच बाहेर टाकलेलं असतं. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, मुळं मात्र पाणी ओढतच राहतात. तो दाब पानाच्या कडेवरच्या बारीक छिद्रांतून, जलरंध्रांतून, थेंबाथेंबाने मोकळा होतो. ऊन चढलं की पान पाणी खेचू लागतं आणि थेंबातलं थोडं पाणी त्याच वाटेने परत आत जातं. थेंबात एखादा जिवाणू पोहत असला, तर पाण्याबरोबर तोही आत शिरतो.

भातावरच्या कडा करप्याचा जिवाणू, झॅन्थोमोनास ओरायझी, असाच शिरतो. जलरंध्रांमागे लगेच पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात आणि त्याला तिथेच जायचं असतं. म्हणून करपा आधी पानाच्या कडेवर दिसतो. टोकापासून खाली सरकत जाणारी, नागमोडी कडेची पिवळी पट्टी पडते आणि पुढे वाळून पांढुरकी होते. असं पान कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरलं, तर थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसते. ती धार म्हणजे कोट्यवधी जिवाणू. सूक्ष्मदर्शकाशिवाय रोग ओळखण्याची इतकी सोपी रीत दुसऱ्या फार थोड्या रोगांना असेल.

मला त्या छिद्रापाशी थांबायचं आहे, कारण या लेखाचा सगळा प्रश्न तिथेच सुरू होतो. आपल्या बोटाला काटा लागला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. भाताला रक्त नाही. फिरत्या पेशी नाहीत, प्रतिपिंडं बनवणारी यंत्रणा नाही. पानातली प्रत्येक पेशी आपल्या भिंतीआड एकटी असते आणि समोर आलेला कोण हे तिचं तिलाच ओळखावं लागतं. तरीही, मुलुंडच्या डोंगरउतारावरचं कुठलंही पान घ्या, त्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर लाखो जिवाणू असतात आणि पान हिरवंगार असतं. रोग हा अपवाद आहे. बहुतेक वेळा झाड जिंकतं, आणि ते कसं जिंकतं हे गेल्या तीसेक वर्षांत बऱ्याच बारकाईने कळलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे औषध आपण फवारणीच्या पंपात शोधत राहिलो, ते झाडाच्या पेशीवर आधीपासून होतं. जास्त उतारा देणारे वाण निवडताना ते आपल्या हातून मागे राहिलं. ते परत आणता येतं, आणि काही ठिकाणी आणलंही गेलं आहे.

भारतात कडा करपा प्रथम नोंदला गेला तो आपल्याच दाराशी, 1951 मध्ये कुलाबा जिल्ह्यात. हा कुलाबा दक्षिण मुंबईतला नव्हे. खाडीपलीकडचा तो जिल्हा, ज्याला 1981 पासून आपण रायगड म्हणतो. त्याची शास्त्रीय नोंद 1959 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. लेखक होते एम. सी. श्रीनिवासन, एम. जे. तिरुमलाचार आणि एम. के. पटेल. पटेल म्हणजे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतींच्या जिवाणूरोगांचा अभ्यास रुजवणारे गृहस्थ. आंब्यावरच्या जिवाणूरोगाचं वर्णनही त्यांनीच सहकाऱ्यांसोबत 1948 मध्ये केलं होतं. तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत आणि हॅमायसिन या बुरशीनाशक औषधामुळे पुढे त्यांचं नाव झालं. जपानमधल्या फुकुओकाच्या शेतकऱ्यांनी हा रोग 1884 मध्येच पाहिला होता. आपल्याकडे तो काही वर्षं किरकोळ मानला गेला. मग 1963 मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याने मोठा तडाखा दिला. तायचुंग नेटिव्ह-1 आणि त्यापाठोपाठ आलेले बुटके, युरिया मानवणारे वाण देशभर पसरले, तसा रोगही पसरला. भरपूर नत्र मिळालेलं मऊ, दाट पीक. आवणीच्या वेळी उंच रोपांचे शेंडे खुडण्याची पद्धत, म्हणजे प्रत्येक पानाला ताजी जखम. आणि वरून कोकणासारखा पाऊस. जिवाणूला याहून चांगलं निमंत्रण मिळालं नसतं. पण मूळ उणीव होती ती वाणांत. त्यांना हा पाहुणा ओळखताच येत नव्हता.

ओळखणं म्हणजे नेमकं काय, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या प्रयोगशाळेतून आलं. जिवाणू पोहतो तो कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या लांब शेपटीच्या जोरावर. ही शेपूट फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या हजारो प्रती रचून बनते. थॉमस बोलर यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं, की त्या प्रथिनातला फक्त 22 अमिनो आम्लांचा एक तुकडा झाडाला पुरतो. जिवाणू नको, शेपूट नको. हा तुकडा पाण्यात अगदी नगण्य प्रमाणात मिसळला तरी झाडाच्या पेशी खडबडून जाग्या होतात. तुकडाही मोठा हुशारीने निवडलेला आहे. तो शेपटीच्या रचनेतला असा भाग आहे, की जिवाणूने तो बदलायचा म्हटलं तर शेपूट नीट जुळत नाही आणि पोहणं अवघड होतं. झाडाने शत्रूचा चेहरा लक्षात ठेवलेला नाही, कारण चेहरा बदलता येतो. त्याने त्याची चाल लक्षात ठेवली आहे.

मग हा तुकडा वाचणारं प्रथिन शोधायचं होतं. लुर्देस गोमेझ-गोमेझ आणि बोलर यांनी त्यासाठी अराबिडोप्सिसची, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या तणाची, रोपं या तुकड्याच्या पाण्यात वाढवली. सतत धोक्याची घंटा वाजत राहिल्याने रोपं खुरटली. पण काही मोजकी रोपं तरारून वाढली. त्यांना घंटा ऐकूच येत नव्हती. त्या बहिऱ्या रोपांत जो जनुक बिघडला होता, त्याचं नाव एफएलएस-2, आणि तो 2000 मध्ये जाहीर झाला. या प्रयोगातला खुरटण्याचा भाग मला शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहारा फुकट नसतो. लढायला उभं राहिलेलं झाड वाढायचं थांबतं. उतारा वाढवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना संरक्षण का गळून पडतं, याचं एक कारण इथे समोर दिसतं.

एफएलएस-2 हे प्रथिन पेशीपटलात रोवलेलं असतं, एक टोक बाहेर, एक आत. बाहेरचा भाग ल्युसिन या अमिनो आम्लाने भरलेल्या 28 सारख्या तुकड्यांची वळलेली पट्टी आहे. फ्लॅजेलिनचा तुकडा तिच्या आतल्या बाजूला लांबच्या लांब बसतो. तो बसला, की शेजारी असलेलं बीएके-1 नावाचं दुसरं प्रथिन येऊन दोघांना चिकटतं. ही जोडी 2007 मध्ये सापडली आणि तिची अणूंच्या पातळीवरची रचना 2013 मध्ये दिसली. दोघांची आतली टोकं जवळ आली, की एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून पुढे सगळं झपाट्याने घडतं. मिनिटभरात पेशीत कॅल्शियम घुसतं. काही मिनिटांत पेशीबाहेर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल ऑक्सिजन-रेणू सोडले जातात. शेकडो जनुकं जागी होतात, पेशीभित्तिकेवर कॅलोजचा गिलावा चढतो. आणि तासाभरात पर्णरंध्रं मिटतात. हे शेवटचं निरीक्षण शेंग यांग हे यांच्या गटाचं, 2006 सालचं. पर्णरंध्रं फक्त ऊन-पाणी पाहून उघडमीट करतात असं आपण शाळेत शिकलो. ती जिवाणू पाहूनही मिटतात. काही जिवाणूंनी त्यावरही उपाय काढला आहे. कोरोनॅटिन नावाचं विष सोडून ते मिटलेलं रंध्र पुन्हा उघडायला लावतात.

माणसाच्या पेशींवरही फ्लॅजेलिन वाचणारा ग्राही, म्हणजे असंच ओळखणारं प्रथिन, आहे: टीएलआर-5. तो फ्लॅजेलिन ओळखतो हे 2001 मध्ये कळलं. फळमाशीतल्या टोल या प्रथिनाची 1996 सालची कामगिरी आणि उंदरातला टीएलआर-4 याबद्दल होफमन आणि बॉयटलर यांना 2011 चं नोबेल मिळालं. पण झाड आणि माणूस फ्लॅजेलिनचा एकच भाग वाचत नाहीत, आणि दोघांचे ग्राही एका पूर्वजाकडून वारशाने आलेले दिसत नाहीत. दोन वेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे विचार करून एकाच खुणेवर बोट ठेवलं.

याशिवाय अनेक ग्राही हळूहळू सापडत गेले. सिरिल झिफेल यांनी 2006 मध्ये ईएफआर शोधला. तो जिवाणूच्या प्रथिननिर्मितीतला एक अत्यावश्यक कामगार ओळखतो, पण तो मोहरीच्या कुळातच आढळतो. कोणी जिवाणूच्या भिंतीतली साखर वाचतं, कोणी चरबीचे तुकडे. भाताच्या जनुकसंचात या घडणीचे ग्राही हजाराहून अधिक आहेत. त्यातले बरेच वाढीसाठी आणि फुलोऱ्यासाठी, पण संरक्षणाचा वाटा मोठा.

या सगळ्याआधी, फ्लॅजेलिनच्याही आधी, जिवाणू ओळखणारा असा पहिला ग्राही मिळाला तो भातातच, आणि त्याच्या मुळाशी आपल्या देशातलं काम आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये पाणथळ जागी उगवणारा एक रानभात आहे, ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत एस. देवदत्त यांना दिसलं, की या गवताला भारतातल्या कडा करप्याचा कुठलाच प्रकार लागत नाही; ही निरीक्षणं 1983 मध्ये प्रसिद्ध झाली. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी संकर करत करत तो गुण शेतातल्या भातात उतरवला आणि 1990 मध्ये त्या जनुकाला एक्सए-21 हे नाव दिलं. पाच वर्षांनी, 1995 मध्ये, कॅलिफोर्नियात पॅमेला रोनाल्ड यांच्या गटाने जनुक वेगळा काढला. रचना पाहिली तर पेशीबाहेर 23 ल्युसिनी तुकड्यांची पट्टी, मध्ये पटल, आत फॉस्फेट चढवणारं टोक. पाच वर्षांनंतर सापडलेल्या एफएलएस-2 चा नमुना हाच. पैदासकार ज्याला ‘प्रतिकारक जनुक’ म्हणत होते, तो प्रत्यक्षात एक वाचणारा रेणू निघाला.

पण वाचतो काय? याचं उत्तर मिळायला वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात एक चूक झाली. 2009 मध्ये रोनाल्ड यांच्याच प्रयोगशाळेने एक्सए-21 काय ओळखतो त्याचं उत्तर ‘सायन्स’मध्ये छापलं. नंतर त्यांच्याच नव्या सहकाऱ्यांना ते प्रयोग जमेनात. तपासाअंती जिवाणूंच्या नमुन्यांत अदलाबदल झाल्याचं आणि चाचणी भरवशाची नसल्याचं आढळलं. त्यांनी ते जगाला सांगितलं आणि 2013 मध्ये लेख मागे घेतला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून 2015 मध्ये खरं उत्तर आलं: रॅक्स-एक्स नावाचं छोटंसं प्रथिन, ज्यातल्या 41 व्या जागेवरच्या टायरोसिनवर सल्फेट चढवलेलं असतं. सल्फेट नसेल तर एक्सए-21 त्याच्याकडे पाहतही नाही. विशेष म्हणजे हे प्रथिन झाडाच्या स्वतःच्या एका वाढ-संप्रेरकाची नक्कल आहे. जिवाणू झाडाच्या भाषेत बोलायला बघतो; मालीतल्या रानभाताने त्यातला परका उच्चार पकडला. विज्ञानाबद्दल मला आदर वाटतो तो असल्या उत्तरांमुळे वाटतोच, पण त्याहून जास्त 2013 मधल्या त्या माघारीमुळे वाटतो.

पेशीबाहेरचा पहारा इतका पक्का असेल तर करपा होतो तरी कसा? जिवाणूकडे एक सुई असते. तिच्यातून तो आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत टोचतो, आणि त्यातली बरीच प्रथिनं आतली घंटा बंद पाडण्याचं काम करतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत रमेश सोंटी यांच्या गटाने भातावर हे फार सुंदर उकललं. आत शिरण्यासाठी जिवाणू पेशीभित्तिका खाणारी विकरं सोडतो. भिंत तुटली की तिचे तुकडे पाहूनच भात सावध होतो. म्हणजे घरफोडीच्या आवाजानेच घर जागं होतं. ती जाग दाबण्यासाठी जिवाणूला सुईतून टोचलेली प्रथिनं लागतात. ती काढून घेतली, तर तोच जिवाणू भाताला उलट रोगाविरुद्ध तयार करून ठेवतो.

झॅन्थोमोनासचं सर्वांत धाडसी हत्यार याहून पुढचं आहे. त्याची काही टोचलेली प्रथिनं भाताच्या केंद्रकात जाऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि स्वीट नावाचे जनुक चालू करतात. या जनुकांचं काम पेशीतली साखर बाहेर सोडण्याचं. साखर बाहेर आली की जिवाणूची पंगत बसते. ही प्रथिनं डीएनए कशी वाचतात त्याची लिपी 2009 मध्ये उलगडली. भातात पूर्वीपासून माहीत असलेल्या एक्सए-13 या प्रतिकारक जनुकाचं रहस्यही त्यातून सुटलं. त्यात ग्राही नाही, ओळख नाही. स्वीट जनुकासमोरची ती जागाच बदललेली आहे. चोराकडे किल्ली आहे, पण कुलूप वेगळं. आणि काही भातांनी तर सापळा लावला आहे: एक्सए-27 आणि एक्सए-7 या जनुकांसमोर जिवाणूला हवी तशी जागा आहे, पण ती चालू केली की साखर मिळत नाही, पेशीच मरते आणि सोबत जिवाणूची वाटही बंद होते. एक्सए-7 चा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे. बरेच प्रतिकारक जनुक उष्णता वाढली की ढिले पडतात; हा उष्ण हवेत जास्त चांगला चालतो.

झाडाची दुसरी पहाऱ्याची फळी पेशीच्या आत असते. ती टोचलेली प्रथिनं किंवा त्यांनी केलेली तोडफोड ओळखते. याचं सर्वांत देखणं उदाहरण कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झॅन्थोमोनासचं. तो पेशीतल्या एका संदेशवाहक प्रथिनाला निकामी करतो. झाडाने त्या प्रथिनासारखंच दिसणारं एक बुजगावणं शेजारी उभं करून ठेवलेलं असतं. जिवाणूने बुजगावण्याला हात लावला, की झार-1 नावाचं प्रथिन जागं होतं आणि पाच प्रती एकत्र येऊन चाकासारखी रचना करतात. ते चाक पेशीपटलात रुतून कॅल्शियमची वाट उघडतं आणि पेशी स्वतःला संपवते. चाकाचं चित्र 2019 मध्ये चीनमधल्या प्रयोगशाळांतून आलं, कॅल्शियमचं काम 2021 मध्ये कळलं. त्याच वर्षी दोन गटांनी दाखवलं, की आतली आणि बाहेरची फळी वेगळ्या नाहीत, दोन्ही एकमेकींना बळ देतात. जॉन्स आणि डँगल या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मांडलेलं झाडाच्या प्रतिकाराचं पायऱ्यापायऱ्यांचं चित्र अजून शिकवलं जातं. त्यातल्या पायऱ्यांमधल्या भिंती मात्र आता पुसट झाल्या आहेत.

आता हे सगळं घेऊन महाराष्ट्रात यायला हवं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू हा कडा करप्याच्या जिवाणूचाच भाऊबंद. 1952 मध्ये दिल्लीहून त्याची पहिली नोंद झाली आणि पन्नास वर्षं तो गप्प होता. 2002-03 च्या सुमारास सांगोला, मालेगाव, सटाणा या पट्ट्यात त्याने बागा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. पानांवर तेलाचा डाग पडल्यासारखे ठिपके, मग फळ तडकतं. भगवा हा बाजारात सर्वांना हवा असलेला वाण त्याला सहज बळी पडतो. सोलापूरला 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. अनेक शेतकरी पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त बहार धरू लागले. म्हणजे झाडाला शत्रू ओळखता येत नाही, तेव्हा माणसाने त्याची येण्याची वेळ टाळली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या कामातून 2013 मध्ये दिसलं, की या जिवाणूचं एक्सओपी-एन हे टोचलेलं प्रथिन डाळिंबाच्या भिंतीवरचा कॅलोजचा गिलावाच रोखतं. ते प्रथिन काढून टाकलेला जिवाणू दुबळा होतो. म्हणजे डाळिंबाला ओळखता येतं. त्याचा आवाज दाबला जातो. मला यात आशा दिसते.

याच जिवाणूंच्या आणखी एका भाऊबंदाने लिंबावर आणलेल्या खैऱ्या रोगाचा संबंध मात्र उपनगरातल्या घराशीही येतो. माझ्या बोरिवलीच्या गॅलरीतल्या कुंडीत कागदी लिंबाचं झाड आहे. दर पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळ्या कड्यांचे खरखरीत, उंचवटलेले फोड येतात. तो उंचवटाही झाडाने स्वखुशीने केलेला नसतो. जिवाणूने टोचलेलं प्रथिन लिंबाच्याच जनुकाला पेशी फुगवायचा हुकूम देतं. लंडनच्या क्यू उद्यानातल्या वाळवून ठेवलेल्या नमुन्यांत 1827 ते 1831 दरम्यान भारतातून गेलेल्या लिंबूवर्गीय पानांवर हेच फोड आहेत. आपल्या अंगणात हा रोग किती जुना आहे, ते त्या पानांनी सांभाळून ठेवलं.

इतकी वर्षं आपण या सगळ्यांवर काय केलं? स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं. 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लिनची ही पूड शेतकऱ्यांना पिढ्यांपासून परिचयाची आहे. त्यांना मी दोष देणार नाही, कारण हातात दुसरं काही दिलं गेलं नव्हतं. पण स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं ओझं मुंबईइतकं फार थोड्या शहरांवर आहे. उघड्या शेतात प्रतिजैविकाचा फवारा मारणं म्हणजे रोज लाखो जिवाणूंना त्याच्याशी झुंजण्याचा सराव देणं. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, आणि माझ्या मते हे पाऊल उशिराच पडलं. बंदी घालताना शेतकऱ्याच्या हाती पर्याय द्यायला हवा. तो पर्याय बाटलीत नाही, बियाण्यात आहे.

भातात तो तयार आहे. सांबा मसुरी हा बारीक दाण्याचा, लाडका पण करप्याला हमखास बळी पडणारा वाण. हैदराबादची भात संशोधन संस्था आणि सीसीएमबी यांनी त्यात एक्सए-21, एक्सए-13 आणि एक्सए-5 असे तीन जनुक एकत्र आणले आणि 2008 मध्ये ‘सुधारित सांबा मसुरी’ शेतकऱ्यांच्या हाती दिली. त्याआधी 2007 मध्ये दिल्लीहून सुधारित पुसा बासमती-1 आला होता. दोन्ही साध्या संकरातून. प्रत्येक पिढीत हवा तो जनुक आला का, ते फक्त डीएनएच्या खुणांनी तपासलं. त्यात परकं काही घातलेलं नाही. तीन जनुक एकत्र कशासाठी? कारण एका ग्राहीला चुकवणारा जिवाणू कधी ना कधी जन्माला येतो. पण एकाच वेळी बोलण्यातला परका उच्चार लपवायचा, बदललेल्या कुलपाची किल्ली घडवायची आणि शिवाय एक्सए-5 ने डीएनए वाचणाऱ्या यंत्रणेत केलेला फेरफार भेदायचा, हे एका जिवाणूला जवळजवळ अशक्य होतं. ज्यांना रोपाच्या वयाची काळजी आहे त्यांच्यासाठीही हे बरं, कारण एक्सए-21 ची ताकद लहान रोपात कमी असते आणि झाड वाढेल तशी वाढते.

ग्राही एका कुळातून दुसऱ्या कुळात नेला तरी चालतो, हेही सिद्ध झालं आहे. मोहरीच्या कुळातला ईएफआर 2010 मध्ये टोमॅटोत घातला, तेव्हा टोमॅटो अनेक जिवाणूंना पुरून उरला. एक्सए-21 घातलेली केळी झॅन्थोमोनासच्या मर रोगाला तोंड देऊ शकली. टोमॅटोने कधी न पाहिलेला ग्राही त्याच्या आतल्या तारांना सरळ जोडला जातो, याचा अर्थ तारा सर्व वनस्पतींत सामायिक आहेत. वेगळे आहेत ते फक्त वाचणारे डोळे. दुसरी वाट जनुक-संपादनाची. स्वीट जनुकांसमोरच्या जागा अचूक बदलून 2019 मध्ये कडा करप्याच्या अनेक प्रकारांना न जुमानणारा भात तयार झाला. भारताने 2022 मध्ये अशा परक्या जनुकाविना केलेल्या संपादनासाठी नियम सैल केले, आणि मे 2025 मध्ये संपादित भाताचे पहिले दोन वाण जाहीर झाले. ते करप्यासाठी नाहीत, पण वाट मोकळी झाली आहे. डाळिंबाच्या बागांसाठी तिचा वापर व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

पण प्रयोगशाळेला अक्षरं जुळवता येतात; नवे डोळे तिला रानातूनच आणावे लागतात. एक्सए-21 मालीतून आला. एक्सए-23 चीनमध्ये मिळाला तो ओरायझा रुफिपोगॉन या रानभातातून. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी एक्सए-38 मिळवला तो ओरायझा निवारातून. यातला रुफिपोगॉन आपल्या परिचयाचा आहे. कोकणात तळ्यांच्या आणि दलदलीच्या काठी उगवणारा देवभात तो हाच. कोणी न पेरता येतो, दाणा पिकला की झडून पाण्यात पडतो, पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. कुसळं लांब, दाणा तांबूस. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून नांगर न लागलेला हा तांदूळ त्या दिवशी शिजतो. गणेश चतुर्थीच्या गर्दीत ऋषीच्या भाजीचे वाटे घेऊन बसलेल्या मावश्यांकडे कधी त्याची छोटी पुडी मिळते, आणि ती महाग असते.

व्रतासाठी राखून ठेवलेलं हे गवत खत, फवारा, निवड यांपैकी काहीही न घेता हजारो पावसाळे त्याच जिवाणूंच्या शेजारी जगलं आहे. आजीने सांगितलेल्या नियमातून एक जनुकसंच घराघरांत वर्षातून एकदा आठवला जातो, याचं मला अप्रूप वाटतं. पण तळी बुजली की नियम उरतो आणि भात जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे. कोकणातल्या प्रत्येक देवभाताच्या तळ्यातले दाणे वेगवेगळे गोळा व्हावेत, त्यांची नोंद व्हावी, दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे 18 अंशांवर आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या खाचरातही ते जपले जावेत. एका तळ्याचा नमुना दुसऱ्या तळ्याला पर्याय नाही. भाताला खुरटवणाऱ्या एका विषाणूविरुद्ध आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 6000 हून अधिक नमुने तपासले. त्यातला एकच उपयोगी निघाला, उत्तर प्रदेशातून आलेला ओरायझा निवारा. त्या एका नमुन्यातलीही मोजकीच रोपं प्रतिकारक होती. आयआर-36 हा पुढे आशियाभर लाखो हेक्टरांवर पिकलेला भात त्या मोजक्या रोपांचा वारस आहे.